मागून नेलेला कॅमेरा

लग्नकार्य निघाले म्हणजे घरात नसलेल्या जिनसा आप्तांकडून मागून आणावयाच्या आणि कार्य पार पडल्यावर त्या पुसून, मोजून परत पोहोचत्या करावयाच्या, हा आपल्याकडचा शिरस्ता इतका जुना आहे की धर्मशास्त्रकारांनाही त्याची दखल घ्यावी लागली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचे नियम सांगून झाल्यावर तेच नियम मागून आणलेल्या वस्तूंनाही लावावेत असे म्हटले आहे. आणि सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कल्याणीत राहून त्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या ठिकाणी उदाहरण दिले आहे ते विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेल्या वस्त्रालंकारांचेच. अशी वस्तू राजाने हरण केली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी नेली, तर तिची भरपाई नेणाऱ्याकडून घेऊ नये. परंतु धन्याने परत मागितल्यावरही ती दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर किंमत तर द्यावीच, शिवाय तेवढाच दंडही भरावा, असा स्मृतीचा निवाडा आहे.

इंग्रजी अमदानीत हाच व्यवहार १८७२ च्या करारविषयक कायद्यात दाखल झाला. विनामोबदला वापरावयास दिलेली वस्तू धन्याला ठरल्या मुदतीपूर्वीही परत मागता येते. मात्र त्या मुदतीच्या भरवशावर नेणाऱ्याने काही उपक्रम आरंभला असेल, आणि वस्तू मध्येच काढून घेतल्याने होणारे त्याचे नुकसान त्याला झालेल्या लाभाहून अधिक असेल, तर ते धन्याने भरून द्यावे, असे त्या कायद्याचे १५९ वे कलम सांगते. ऐन सीमांतपूजनाच्या संध्याकाळी आपला कॅमेरा परत मागणारा मामा हे कलम रचणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते. तरी त्या मामाला ते तंतोतंत लागू पडते. मराठी मध्यमवर्गात जुना, जिवापाड जपलेला कॅमेरा नातलगाने मागून नेण्याची जी वहिवाट दोन-तीन पिढ्या चालली, तिने स्मृतीचाही आधार घेतला नाही आणि कलमाचाही. तिचे कायदे त्या यंत्राच्या आणि त्यात भरलेल्या फिल्मच्या घडणीतून निघाले होते, आणि त्या कायद्यांचा परिणाम आपल्या घरोघरच्या आल्बमांवर अजून दिसतो, असे माझे मत आहे.

प्रारंभी कॅमेरा ही मागून नेण्याजोगी वस्तूच नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून या कलेत निष्णात झाले आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही बसले. परंतु ती विद्या होती ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यावयाचा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ती बुडवावयाची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धाव घेऊन ते रसायनांनी प्रकट करावयाचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. ती लाकडी पेटी कोणी आपल्या साडूला चार दिवसांकरिता दिलीच असती, तर तिच्यामागे तंबू, बाटल्यांची कावड आणि हे सर्व जाणणारा मनुष्य पाठवावा लागला असता. त्या काळात लोक कॅमेरा मागत नसत, कॅमेरेवाल्याला बोलावीत.

हलत्या चित्रांचा कॅमेरा आला तेव्हाही मुंबईत हीच स्थिती होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सारे सावेदादा म्हणत, हे धंद्याने छायाचित्रकार. १८९६ च्या जुलैमध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले, ते पाहून त्यांनी इंग्लंडातील ब्रॅडफर्डच्या रायली बंधूंकडून एकवीस गिनी मोजून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन पहिलवानांची कुस्ती त्यात उतरवली, आणि १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रण केले. एवढ्या मोलाचे आणि एवढे अपूर्व यंत्र भाच्याच्या हाती कोण देणार? ते हातातून गेले ते विकत, पाटणकर, करंदीकर व दिवेकर या तिघांकडे.

भाऊबंदकी आणि कॅमेरा यांची खरी गाठ पडली ती कोल्हापुरात, आणि तीही देवघेवीच्या रूपाने नव्हे, तर निर्मितीच्या रूपाने. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी परदेशी कॅमेऱ्याचा खर्च झेपेना म्हणून तो स्वतःच घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे सहकारी दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो सिद्धीस नेला आणि त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ला वाट मिळाली. एका भावाचे अपुरे राहिलेले यंत्र दुसऱ्याने पुरे केले, हा आमच्या विषयातला एक उदात्त अपवाद समजावा. कारण घरगुती कॅमेऱ्याच्या इतिहासात नातलगांनी पुरे केले ते बहुधा फक्त रोल.

तो रोल हाच या इतिहासाचा नायक होय. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली पहिला कोडॅक विकावयास काढला, तेव्हा त्यात शंभर चित्रांची फिल्म कारखान्यातच भरून येई, आणि ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे परत धाडावा लागे. पुढे १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला. आणि १९०१ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी, पाठीला कागद लावून लाकडी वा लोखंडी रिळावर गुंडाळलेली, एकशे वीस क्रमांकाची फिल्म निघाली. घरच्या घरी, सावलीत उभे राहून, कोणालाही भरता यावी अशी ही फिल्म. यंत्र चालवणारा आणि यंत्राचा धनी हे दोन वेगळे पुरुष असू शकतात, ही शक्यता तिने निर्माण केली. आणि मागणाऱ्यांची परंपरा तेथून सुरू झाली.

आपल्याकडे मात्र तिला खरा बहर आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे कारण सुबत्ता नसून टंचाई होय. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीवर कडक निर्बंध बसले, आणि जर्मनीचा रोलायकॉर्ड किंवा जपानचा याशिका ही परदेशी जाऊन आलेल्या इंजिनियरच्या घरीच दिसणारी चीज झाली. सामान्य नोकरदाराला परवडेल असा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाच्या सहकार्याने काढला, तो क्लिक थ्री. फिल्मचीही तीच कथा. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चाले म्हणून ओर्वोची फिल्म येई. सरकारने उटकमंडला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापली, फ्रान्सच्या बोशे कंपनीचे तंत्र घेतले, आणि १९६७ पासून तेथे ‘इंदू’ नावाचा माल निघू लागला. तरीही एका वाड्यात, एका बँकेच्या वसाहतीत, एका आडनावाच्या पाच-सात घरांत मिळून कॅमेरा एखादाच असावयाचा; आणि मुंज, डोहाळजेवण, साठीशांत, काशीयात्रा, मुलाची पहिली सहल ही कार्ये तर प्रत्येक घरी. तेव्हा तो कॅमेरा कपाटात ज्याच्या असे त्याच्या नावे असला, तरी त्यावर हक्क साऱ्या गोतावळ्याचा चाले. असा कॅमेरा देण्यास साफ नकार देणारा गृहस्थ माझ्या ऐकिवात नाही. रोल संपला आहे, स्प्रिंग बिघडली आहे, काच साफ करावयास टाकली आहे, अशी कारणे सांगणारे मात्र पुष्कळ होते, आणि ती कारणे सर्वजण समजून असत.

क्लिक थ्री हातात घेतला तर त्याच्या साधेपणाचे नवल वाटते. प्लास्टिकची हलकी पेटी, पुढे एकेरी भिंग, शटरला एकच गती. भिंगाभोवतालची कडी फिरवली की ढगाळ हवेचे चिन्ह, उन्हाचे चिन्ह आणि पिवळी काच आड आणणारे तिसरे चिन्ह, एवढेच काय ते तिच्यात करण्यासारखे. अंतर जुळवण्याची भानगड नाही, म्हणून तीन-चार ढांगांच्या आत कोणाला उभे करावयाचे नाही. गती मंद, म्हणून बटण दाबताना श्वास रोखावयाचा, कोपर बरगडीशी टेकवावयाचे. पाठीमागे एक इवलीशी लाल खिडकी असे. तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा बघत बघत खुंटी फिरवावयाची, आणि आकडा मधोमध आला की थांबावयाचे. जुन्या फिल्मला तांबडा प्रकाश लागत नसे म्हणून ती काच लाल केलेली. सर्व रंगांना जागणारी फिल्म आल्यावर तीही धोक्याची ठरली, आणि ‘खिडकीवर ऊन पडू देऊ नकोस, पाठीवर रुमाल धर’ हे वाक्य देणाऱ्याच्या उपदेशात नव्याने दाखल झाले. फोटो काढल्यावर खुंटी फिरवण्यास विसरले तर त्याच चौकटीवर दुसरा फोटो चढे. आमच्याच नात्यातल्या एका आल्बमात गाणगापूरच्या संगमातून एक आजी अर्ध्या पारदर्शक होऊन उगवलेल्या आहेत, आणि त्यांच्या नऊवारीच्या ओच्यात एस. टी.चा नंबर स्पष्ट वाचता येतो.

कॅमेरा द्यावयाचा म्हणजे ही सर्व संथा द्यावयाची. मागणारा पुतण्या किंवा भाचा संध्याकाळी येई, चहा होई, मग कपाटातून चामड्याच्या केसातला कॅमेरा निघे आणि ओटीवर शिकवणी सुरू होई. शिकवणीच्या अखेरीस परीक्षा असे: शिष्याने गुरूचाच एक फोटो काढून दाखवावयाचा. कॅमेऱ्याच्या धन्यांचे त्या काळचे फोटो जे काही सापडतात, ते बरेचसे या परीक्षेतले असतात. ओटीच्या खांबाला टेकून उभे, बनियनवर, चेहऱ्यावर उपदेश अपुरा राहिल्याचा भाव, आणि क्षितिज किंचित डाव्या अंगाला कललेले. परीक्षेत एक चौकट खर्ची पडे, आणि बारांपैकी एक म्हणजे तेव्हा थोडी नव्हे.

यानंतर जो संवाद होई त्यात या वहिवाटीचे मर्म आहे.

“मामा, सोमवारी सकाळी आणून देतो.”

“सोमवारी नको. रोल संपला म्हणजे आण. पहिले पाच माझे आहेत, ते लक्षात ठेव. आणि धुवायला तू टाकू नकोस, मी टाकीन.”

मामांचे पाच आधीच निघालेले आहेत, ही गोष्ट साधी दिसते. पण तिने सारा व्यवहार बदलून टाकला होता. पातेले मागून आणले तर ते रिकामे येते आणि रिकामे परत जाते. कॅमेरा बहुधा अर्धा भरलेला येई. बारा चित्रांचा रोल एका घरात एका प्रसंगात संपवणे ही उधळपट्टी. गणपतीत तीन, दिवाळीत दोन, अशी ती फिल्म महिनोन्महिने कॅमेऱ्यात बसून राही. मध्येच उघडावी तर सगळीच प्रकाश लागून वाया जाणार. म्हणून मागणाऱ्याला मिळे ते यंत्र नव्हे, तर उरलेल्या सात चौकटी. त्या त्याने भराव्यात, आपल्या वाटणीचे पैसे द्यावेत, वा पुढचा नवा रोल घालून द्यावा, असा अलिखित करार असे. सात संपल्या नाहीत तर कॅमेरा परत येत नसे, आणि संपवण्यासाठी मग घरातील मांजर, अंगणातील तुळस, नुकतीच घेतलेली सायकल आणि शेजारचे तात्या यांचे फोटो निघत. आपल्या आल्बमांत मांजरांची जी विपुलता आहे, ती भूतदयेपेक्षा या निकडीतून आलेली आहे.

रोल मामांकडे परत जाई, मामा तो गावच्या फोटो स्टुडिओत धुवायला टाकीत, आणि आठ-दहा दिवसांनी बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्हे आणि लहान चौकोनी प्रिंटा येत. सातांच्या प्रिंटा भाच्याला पोहोचत. निगेटिव्हे मात्र मामांकडे राहत. ती तीन-तीन, चार-चार चित्रांच्या पट्ट्यांत कापलेली असत, भाच्याच्या मुंजीची दोन चित्रे आणि मामांच्या गणपतीचे एक अशी एकाच पट्टीवर. ती वेगळी कशी करणार? आणि तशी ती करावीत असे कोणाच्या मनातही येत नसे, कारण निगेटिव्ह हा फोटोचा मूळ दस्तऐवज आहे ही जाणीव फक्त कॅमेरा बाळगणाऱ्याला होती; मागणाऱ्याला हवा होता तो हातात धरण्याजोगा कागद. तो कागद मग आल्बमात चिकटला, भिंतीवर गेला, कोणी सासरी नेला, पावसाळ्यात फुगला, वाळवीने खाल्ला. मूळ पट्ट्या मामांच्या बिस्किटांच्या डब्यात सुरक्षित राहिल्या. त्यामुळे आज एखाद्या घराण्याचा चित्ररूप इतिहास धुंडाळावयाचा तर त्या घराण्याच्या माडीवर जाऊन उपयोग होत नाही. त्यांच्या घरी कॅमेरा नव्हता तेव्हा ते कोणाकडे मागत होते याचा शोध करावा लागतो. वंशावळीतील रक्ताच्या रेषांच्या जोडीला ही उसनवारीची रेषा कोणी काढून ठेवलेली नसते, आणि मामांच्या पश्चात डबा रद्दीवाल्याकडे गेला की ती कायमची तुटते.

दिलेल्या कॅमेऱ्याचे फळ धन्याच्या खाती जमा होण्याची ही रीत केवळ घरगुती नव्हती. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा लौकिक झाला त्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या काळात कॅमेरा हाती घेतला तो माणेकशा व्यारावाला यांच्या शिकवणुकीखाली. पुढे १९४१ मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. होमाईंनी काढलेली आरंभीची चित्रे छापून आली ती माणेकशांच्या नावाने, कारण एका अपरिचित तरुणीच्या नावाला तेव्हा बाजारात वजन नव्हते. हा अन्याय होता यात शंका नाही. पण कॅमेरा ज्याचा त्याचे चित्र, ही समजूत त्या काळी किती खोल रुजली होती याचा तो दाखलाही आहे.

या चित्रांतून काय उरले आणि काय निसटले, हेही यंत्रानेच ठरवले. मुहूर्त मांडवात लागे, आणि क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याला हवे ऊन. म्हणून अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी ही धंदेवाईक फोटोग्राफरकडे राहिली, त्याच्या दिव्यांच्या लखलखाटात सर्व लग्नांत एकसारखी दिसणारी. मागून नेलेल्या कॅमेऱ्यात सापडले ते मांडवाबाहेरचे लग्न: परसातील चुलाणावर वाफ खात उभे असलेले आचारी, वऱ्हाडाच्या बसच्या टपावर चढलेल्या बेडिंगच्या वळकट्या, रुसून विहिरीच्या काठावर बसलेला नवरदेवाचा धाकटा भाऊ, उन्हाने डोळे बारीक झालेल्या, पदर सावरणाऱ्या, फोटो नको म्हणत उभ्या राहिलेल्या बायका. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने या दोहोंतून एकच निवडावयाचे झाले तर त्याने बिनदिक्कत दुसरे निवडावे.

कॅमेरा परत येताना पूर्वीसारखा क्वचितच येई. कोकणातून, श्रावण संपताना, आला तर भिंगाच्या आतल्या अंगाला बुरशीची नाजूक जाळी धरलेली असे; ती वेळेवर पुसली नाही तर काचेवरचा लेप खाऊन टाकी, आणि त्यानंतरचे सर्व फोटो धुक्यात काढल्यासारखे येत. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला कोपऱ्यात सुईएवढे भोक पडे आणि प्रत्येक चौकटीत एकाच जागी पांढरा ठिपका येऊ लागे. या नुकसानीबद्दल नात्यात उघड तक्रार होत नसे. ‘आता त्याचे भिंग पूर्वीसारखे राहिले नाही’ एवढेच वाक्य पुढच्या मागणाऱ्याच्या कानावर घातले जाई, आणि कोणी बिघडवले हे न सांगता सर्वांना कळे. मुदत उलटून वर्ष झाले तरी कॅमेरा न परतवणारे महाभागही होते. त्यांच्यावर याज्ञवल्क्याने सांगितलेला दुप्पट भुर्दंड कधी बसला नाही. मामी तेवढी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जावयाची थांबली.

ऐंशीच्या दशकात हॉट शॉटसारखे स्वस्त, छोटे कॅमेरे आले, रंगीत फिल्मच्या छत्तीस चौकटी आल्या, तासाभरात प्रिंट देणाऱ्या लॅब शहरोशहरी निघाल्या, आणि मागण्याची गरज सरली. पुढे डिजिटल कॅमेऱ्याने रोलच बाद केला, आणि उटकमंडचा कारखानाही बंद पडला.

गेल्या काही वर्षांत मात्र वीस-बावीस वर्षांची पुतणी अकस्मात येऊन, ‘काका, तुमचा तो जुना फिल्मचा कॅमेरा चालतो का हो?’ असे विचारू लागली आहे. १२७ किंवा ६२० नंबरचा असेल तर त्याची फिल्म मिळवणे जिकिरीचे. पण १९०१ ची ती एकशे वीस नंबरची फिल्म अजून निघते, आणि क्लिक थ्रीची स्प्रिंग शाबूत असेल तर तो आजही खट् करून उघडतो. काका पुन्हा ओटीवर, म्हणजे आता फ्लॅटच्या गॅलरीत, लाल खिडकीचे व्याख्यान देतात. रोल ती स्वतः विकत आणते, एकाच सहलीत संपवते, मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरियरने धाडते, आणि चित्रांच्या फाइली तिच्या फोनवर येतात. त्यातल्या दोन-चार ती काकांनाही पाठवते. निगेटिव्हे परत हवी असतील तर टपालखर्च वेगळा, असे लॅबच्या दरपत्रकात लिहिलेले असते. तो ती भरत नाही.